कुत्र्याला घेऊन होडीतून जलदुर्ग: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी

आधी नियमाचं बोलूया, कारण तिथंच बहुतेकांचा बेत फसतो. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडं आहेत. त्या खात्याच्या १९५९ च्या नियमांत संरक्षित स्मारकात, देखभालीचं काम सोडून, कुठल्याही कारणासाठी जनावर आणायला मनाई आहे. 'आमचा राजा कुणाला काही करत नाही हो' हे दारावर चालत नाही, आणि चालू नये हेच बरं. सिंधुदुर्गात शिवराजेश्वराचं देऊळ आहे, काही घरं आहेत, शाळेच्या सहलींची गर्दी असते.

पण जलदुर्ग बांधलाच गलबतातून येणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. तटाची नागमोड, बुरुजाच्या पोटात दडवलेला दरवाजा, आडवे पडलेले खडक हे सगळं पाण्यावरनंच नीट कळतं. म्हणून बेत असा करायचा: अख्खी होडी ठरवून कुत्र्यासकट किल्ल्याला वळसा घालायचा, आणि नंतर माणसांनी पाळीपाळीनं आत जाऊन यायचं. तोवर कुत्रं किनाऱ्यावर सावलीत, एका माणसाबरोबर. त्यामुळं एका कुत्र्यामागं निदान दोन मोठी माणसं हवीत. एकट्यानं जाऊ नका. लहान पोरं आणि कुत्रं दोन्ही असतील तर तिसरं माणूस घ्या.

कुठलं कुत्रं न्यावं

सहा महिन्यांखालचं पिल्लू, लसी अर्धवट राहिलेलं, गाभण, किंवा हृदयाचं औषध चालू असलेलं कुत्रं घरीच ठेवा. पग आणि त्याच्यासारखी चपट्या नाकाची कुत्री दमट उन्हात लवकर तापतात, त्यांनाही नको. लॅब्रेडॉर पाण्याला घाबरत नाही, उलट त्याला होडीतनं उडी मारायची घाई असते. गावठी कुत्री तब्येतीनं काटक, पण नवीन जागेत दबून बसतात.

मुधोळ जातीच्या कुत्र्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या भागात ती घरोघरी आहेत. मुधोळच्या अंगावर चरबी नसतेच म्हटलं तरी चालेल. त्यामुळं पाण्यात ते नीट तरंगत नाही, मागचा भाग खाली जातो आणि पाच-दहा मिनिटांत कुडकुडायला लागतं. त्यात डोळ्यानं शिकार हेरणारी जात. लांब खडकावर बगळा उडाला तरी झेप घेते. मुधोळला जॅकेटशिवाय होडीत घेऊच नका.

रेबीजची लस चालू वर्षातली हवी, आणि लेप्टोस्पायरोसिसची घेतली आहे का ते कार्डावर बघा. गोव्यातनं किंवा महाराष्ट्रातनं फिरताना कार्ड गाडीत ठेवा. ते कानडीत भरलेलं असेल तर डॉक्टरांकडनं इंग्रजीत एक प्रत करून घ्या. मालवणच्या निवास-न्याहारीवाल्याला कानडी वाचता येईल अशी अपेक्षा धरू नये.

जॅकेट: माप आणि परीक्षा

कुत्र्याचं लाइफ जॅकेट किलोवर घेऊ नका, छातीच्या घेरावर घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागं शिंप्याची टेप गुंडाळून माप काढा. पाठीवर पकडायची मूठ हवी, पोटाखाली दोन बकलं हवीत आणि रंग भगवा किंवा पिवळा. निळं जॅकेट दिसायला छान, पण लाटांत सापडत नाही. पट्टा आवळल्यावर आत दोन बोटं जावीत, तीन नकोत.

मग परीक्षा. मूठ धरून कुत्र्याला जमिनीपासून चार बोटं उचला आणि पाच आकडे मोजा. पाठ आडवी राहिली तर जॅकेट बरोबर. डोकं खाली झुकलं, पट्टा काखेत रुतला किंवा जॅकेट मानेकडं सरकलं तर माप चुकलं. मुधोळची छाती खोल आणि पोट आत ओढलेलं, त्यामुळं मागचा पट्टा हटकून कमरेकडं घसरतो. त्याला उपाय आहे: पोटाखालच्या दोन पट्ट्यांना जोडणारी वीतभर नायलॉनची पट्टी चांभाराकडनं शिवून घ्या. शिवण जाड दोऱ्याची, दुहेरी. फेविकॉल खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

घरची तयारी, साधारण तीन आठवडे

पहिल्या आठवड्यात जॅकेट फक्त जेवणाच्या वेळी घाला, आधी पाच मिनिटं, मग पंधरा. जॅकेट दिसल्यावर शेपटी हलायला लागली की पुढं सरका.

दुसऱ्या आठवड्यात हलणारी जमीन. सायकलच्या दोन फुगवलेल्या ट्यूबांवर जाड फळी टाकली की होडीचा तळ घरी येतो. त्यावर 'बस' आणि 'थांब' पक्कं करा. होडीच्या मशीनच्या आवाजाची सवय शेतावरच्या डिझेल पंपाजवळ होते. आधी पन्नास पावलांवर, मग रोज थोडं जवळ. आवाजाशी खाऊ जोडा. कुत्रं मागं ओढू लागलं तर त्या दिवशी तिथंच थांबा, फरफटत पुढं नेऊ नका.

तिसऱ्या आठवड्यात पाणी. पावसाळा सरून पाणी उतरलं की खानापुरात मलप्रभेच्या घाटावर ते उथळ आणि संथ असतं, ती जागा चांगली. शेततळ्यात मात्र कुत्र्याला कधीच उतरवू नका. प्लास्टिकचा कागद ओला झाला की कुत्र्याची नखं धरत नाहीत, कडेला येऊन ते घसरत राहतं आणि दमून बुडतं. वाचवायला उतरलेला माणूसही तसाच अडकतो. चिकोडी-अथणीकडच्यांनी कृष्णेतही उतरवू नये, तिथं मगरी आहेत.

घाट उतरताना

बेळगावहून आंबोलीमार्गे सावंतवाडी शंभरेक किलोमीटर. तिथनं वेंगुर्लं आणखी तिसेक, मालवण पन्नासच्या आसपास. निपाणी-चिकोडीकडच्यांना मालवण-विजयदुर्गासाठी देवगड-निपाणी रस्ता, म्हणजे राधानगरीवरून फोंडाघाट, जास्त सोयीचा. गोव्यासाठी जांबोटी-कणकुंबी-चोर्ला.

घाटाच्या चार तास आधी पोटभर खायला देऊ नका. मूठभर दहीभात चालेल. घाटातल्या वळणांनी ज्याचं पोट ढवळलं, त्याला त्याच दिवशी होडीत घालणं हा अन्याय आहे. संध्याकाळी उतरायचं, किनाऱ्याला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होडी. मळमळीची गोळी पशुवैद्यांकडनंच, वजन सांगून घ्या आणि एकदा घरी देऊन बघा. माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका. कुंद्याचा डबा बरोबर असेल तर तो तांडेलासाठी, म्हणजे होडी चालवणाऱ्यासाठी, कुत्र्यासाठी नाही.

दिवस आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर दहाच्या आतच वाळू तापते. मे अखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात, आणि नारळी पौर्णिमा झाली म्हणजे दर्या लगेच निवळतो असं नाही.

सकाळी जमिनीकडनं मतलई वारा असतो, पाणी सपाट. अकरा-बाराच्या सुमारास दर्यावरनं खारा वारा सुटतो आणि लाट तुटायला लागते. तेव्हा सात ते दहा हीच वेळ. दोन तासांपेक्षा लांब फेरी ठरवू नका, कारण घरात शिस्त लावलेलं कुत्रं होडीत लघवी करत नाही, दाबून धरतं.

भरतीची वेळ त्याहून महत्त्वाची. उधाणाला या किनाऱ्यावर पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ओहोटीला धक्क्यावरनं होडी पुरुषभर खाली असते आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं. वीस किलोचं घाबरलेलं कुत्रं तिथनं उतरवणं म्हणजे दोघांची पाठ आणि एकाचा पाय जाणार. भरतीच्या वरच्या अर्ध्यात होडी धक्क्याच्या बरोबरीला येते. जुना ठोकताळा असा की तिथीच्या पाऊणपट तासांनी पूर्ण भरती: एकादशीला सव्वाआठ. हा हिशोब मुंबईचा. मालवण-वेंगुर्ल्याकडं ती थोडी आधी येते, म्हणून एकादशी-द्वादशीच्या सकाळी आपल्याला हवी ती वेळ सापडते. ढोबळ तारीख पंचांगावरनं काढा आणि नेमकी वेळ त्या दिवसाच्या छापील तक्त्यावरनं किंवा तांडेलाकडनं पक्की करा. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढं जाते.

होडी ठरवताना

माणसागणिक तिकीट असलेल्या होडीत कुत्रं नेऊ नका. अनोळखी तीस माणसांत एकजण जरी किंचाळला तरी सगळं बिघडतं. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन अख्खी होडी ठरवा आणि कुत्रं दाखवा. तांडेलाचा पहिला प्रश्न 'चावता काय?' हा असतो. खरं उत्तर द्या. त्याच्या होडीत जाळं, गळ, बर्फाचा खोका काय काय असणार आहे ते विचारा, आणि गळ असतील तर ते नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात, झाकून ठेवायला सांगा. मेरीटाइम बोर्डाचा परवाना आणि होडीवर लिहिलेली माणसांची मर्यादा बघा. मोठं कुत्रं म्हणजे एक माणूस धरायचं. माणसांनाही जॅकेट हवीतच.

फायबरची होडी ओली झाली की काचेसारखी होते. दोन गोणपाटं घेऊन जा, समुद्राच्या पाण्यात भिजवून पिळा आणि तळात पसरा. नखं धरतात, खालनं गारवा राहतो. रबराची चटई उन्हात तापते, ती नको. गोणपाट आदल्या रात्री कुत्र्याच्या अंथरुणात ठेवलं तर स्वतःचा वास लागतो आणि ते त्यावर आपणहून बसतं. युक्ती छोटी आहे, पण तिनं निम्मी धडपड वाचते.

चढवणं, बसवणं, उतरवणं

चढण्याआधी पंधरा मिनिटं फिरवून मोकळं करा. मग एक माणूस आधी होडीत उतरून गुडघे वाकवून बसतो. दुसरा कुत्र्याच्या जॅकेटची मूठ एका हातानं धरतो, दुसरा हात पोटाखाली. होडी लाटेनं वर येऊन क्षणभर थांबते, त्या वेळी द्यायचं. खाली जाताना दिलं तर कुत्रं हवेत राहतं आणि पाय फाकतात. त्याला स्वतः उडी मारू देऊ नका. धक्का आणि होडी यांच्या फटीत पाय सापडून हाड मोडतं.

वाळूवरनं चढायचं असेल तर तीन लाटा मोजा. मोठी लाट गेली की कमरेएवढ्या पाण्यातनं उचलून न्या, बाजूनं द्या. मागनं कधीच नाही, तिथं मशीनचा पंखा आहे.

जागा मधोमध, जरा मागं, तळात. नाळेवर उभं केलेलं कुत्रं फोटोत छान दिसतं आणि पहिल्या आडव्या लाटेला पाण्यात जातं. साखळी गळ्यात नको, अंगातल्या पट्ट्याला लावा, चार फुटांची, हातात धरलेली. ती होडीला कुठंही बांधायची नाही. होडी कलंडली तर बांधलेलं कुत्रं तिच्याबरोबर खाली जातं.

पडलंच तर क्रम असा: ओरडून तांडेलाला सांगा, मशीन न्यूट्रलला. एका माणसानं फक्त बोट दाखवत राहायचं आणि नजर काढायची नाही, कारण लाटांत डोकं नारळाएवढंच दिसतं. कुणी उडी मारायची नाही. तांडेल नाळ वाऱ्याकडं करून होडी बाजूनं जवळ आणतो. कुत्र्याला नावानं हाका मारत राहा, म्हणजे ते होडीकडं पोहतं. मूठ धरून बाजूनं आत. हे सगळं आदल्या संध्याकाळी तांडेलाशी बोलून ठेवा, पाण्यात पडल्यावर नाही.

पाणी, ऊन आणि वाळूवरची विषं

कुत्र्याला रोज किलोमागं पन्नास-साठ मिलीलीटर पाणी लागतं, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला लिटर-सव्वालिटर. होडीत उन्हामुळं दुप्पट धरा आणि सांडणार म्हणून आणखी. तीन लिटर न्या. दर वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. तहानलेलं कुत्रं खारं पाणी पितं. चार घोटांनी जुलाब होतात. जास्त गेलं तर उलट्या, झोकांड्या, थरथर. तेव्हा थेट दवाखाना.

निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. थुंकी चिकट, जीभ गडद, धाप थांबेना, म्हणजे ऊन लागलं. पोट, जांघा आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला, भिजवत भिजवतच डॉक्टरकडं न्या. अंगावर ओलं फडकं गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

किनाऱ्यावर सर्वांत मोठा धोका उन्हाचा नाही, केंड माशाचा आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की नको असलेले मासे वाळूवर टाकतात, त्यात फुगलेला केंड असतो. त्याचं विष शिजवूनही जात नाही. कुत्र्यानं एक खाल्ला तर पाय लुळे पडतात, श्वास बंद पडतो. त्याच जाळ्यातनं विषारी समुद्री सापही येतात, अर्धमेले दिसले तरी चावतात. रापण चालू असेल तिथनं शंभर पावलं लांब चाला, साखळी आखूड. खडकांवर कालवं, म्हणजे चिकटलेले शिंपले, असतात, त्यांच्या कडा पंजा चिरतात. वायंगणी आणि मोरजीसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालतात, तिथं कुत्रं मोकळं सोडायचं नाही म्हणजे नाही.

कुठं जायचं

पहिला धडा फेरीबोटीचा. गोव्यातल्या केरीहून तेरेखोल नदी ओलांडणारी सपाट फेरीबोट मिळते. चालत चढता येतं, पाणी थोडंच, काही बिनसलं तर पाच-दहा मिनिटांत जमीन. गर्दी नसेल तेव्हा जा, कडेला उभे राहा. मात्र केरी दोन आहेत. चोर्ला घाट उतरल्यावर लागते ती सत्तरीतली, आपल्याला हवी पेडण्यातली. नकाशावर नुसतं 'केरी' टाकणारा धरणापाशी पोचतो. फेरीतनं समोर दिसतो तो तेरेखोलचा किल्ला: सावंतवाडीकरांनी बांधलेला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला, आणि १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिरंगा लावलेला. ओहोटी फार उतरली तर फेरी थांबते, तेव्हा परतीची वेळ आधी विचारून ठेवा.

दुसरी पायरी विजयदुर्ग. वाघोटन खाडी वाऱ्यापासून आडोशाला, त्यामुळं नवख्या कुत्र्याला मालवणपेक्षा सोपी. १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, पुढं आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालं, १७५६ मध्ये इंग्रजांनी जिंकला. तिहेरी तट खाडीतनं एकावर एक चढलेला दिसतो. तसंच खाडीत आत गेलं की गिर्ये गावाकडं आंग्र्यांची गोदी आहे, खडकात खोदलेली. भरती निम्मी असताना जा. पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि कुत्रं पोटापर्यंत रुततं. किल्ल्याच्या समुद्राकडच्या बाजूला पाण्याखाली भिंत आहे, तिकडं होडी न्यायचा हट्ट करू नका.

मग सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर काम सुरू झालं, सुमारे तीन वर्षं चाललं; पायात शिसं ओतलं, तट तीनेक किलोमीटर. बेटाभोवती पाण्याखाली खडक आहेत, वाट माहीत असलेला मालवणचाच तांडेल हवा. किनाऱ्याकडच्या बाजूनं संथ जाता येतं. दरवाजा शोधत राहा: अगदी जवळ येईतो बुरुजांच्या कवेत तो दिसत नाही. तिथं मशीन बंद करायला सांगा, आवाज गेला की कुत्रंही सैल पडतं. मागची, उघड्या समुद्राची बाजू फक्त तांडेल हो म्हणेल तरच. शेजारी पद्मगड. नंतर दांडीच्या किनाऱ्यावर माडांच्या सावलीत एकजण कुत्र्यापाशी, बाकीचे आत जाऊन दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघून येतात. दीड तास धरा, आणि मग पाळी बदला. किनाऱ्यावरची कुत्री टोळीनं येतात, म्हणून होड्यांच्या आडोशाला बसा, वाटेवर नको. हा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो, १९८७ पासून. विष्ठेची पिशवी पाण्यात नाही, गाडीत.

कारवारकडं जायचं तर काळी नदीच्या मुखात कोडीबागेच्या बाजूनं होडी घेऊन सदाशिवगड बघता येतो. अंजदीव बेट नौदलाकडं आहे, तिकडं वळूही नका. मांडवीत, म्हणजे आपल्याच खानापूर तालुक्यातल्या देगावची म्हादई, रेईश मागूश आणि १६१२ चा आग्वाद पाण्यातनं छान दिसतात. पण मुखाशी वाळूच्या बांधावर लाट फुटते, तिथनं मागं फिरा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. कुत्र्याला घेऊन तो रस्ताच नको.

परत आल्यावर

गोड्या पाण्यानं अंग, पंजे आणि कानामागं धुवा. मीठ राहिलं की कुत्रं चाटतं, मग रात्री जुलाब. कान कोरडे करा, बोटांच्या फटीत वाळू आणि गोचीड बघा. आंबोलीत गवतात उतरवलं असेल तर नक्की सापडतात. जॅकेटची बकलं गोड्या पाण्यात उघडझाप करून धुवा, सावलीत वाळवा. दुसऱ्या दिवशी पोट जरा सैल असेल तर दहीभात पुरतो. उलट्या थांबत नसतील किंवा चालताना तोल जात असेल तर घाट चढायच्या आधी तिथल्याच डॉक्टरला दाखवा.